उन्हाच्या वेळापत्रकावर सुट्टी : एप्रिल ते जून २०२३, प्रकल्प नोंदी

२ एप्रिल, रविवार : आखणी

पुण्यातल्या उन्हाळ्याची आखणी आधी तासांवर करायची, मग तारखांवर. सकाळी सहा ते साडेनऊ टेकडी आणि चालणं. दहा ते साडेतीन ऊन काम करेल आणि माणसं सावलीत बसतील, म्हणजे सौरपेटी (उन्हावर अन्न शिजवणारी पेटी), वाळवण, बिया सुकवणं. साडेपाचनंतर गच्ची, व्याख्यानं, आकाश. भर दुपारी मैदानावर नेणारी शिबिरं यादीतून सरळ काढली आहेत. पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि खेळाच्या नादात लहान मुलं तहान लागल्याचं सांगत नाहीत.

तारखा चंद्र ठरवतो. अमावास्या २० एप्रिल आणि १९ मे, पौर्णिमा ५ मे आणि ४ जून. पालख्या १२ जूनला पुण्यात, शाळा १५ जूनला. या चौकटीत चौघांच्या घराला आणि सोसायटीला झेपेल तेवढंच धरलं आहे.

९ एप्रिल, रविवार : ताडपत्री, दोर, खुंट्या

रविवार पेठेतून आणायचं: १५ बाय १२ फुटी ताडपत्री (चंदेरी बाजू असलेली), ६ मिमी नायलॉन दोर ३० मीटर, ४ मिमी दोर २० मीटर. ताडपत्री घेताना कडांची भोकं बघावीत. पितळी कडी असेल तर उत्तम. प्लास्टिकची कडी उन्हात ठिसूळ होऊन पहिल्याच वाऱ्यात निघते. निघालीच तर तिथे सुपारीएवढा गोल खडा ताडपत्रीत गुंडाळून त्याच्या मानेला दोर बांधावा. ही गाठ कड्यापेक्षा जास्त टिकते.

तंबूसोबत येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या एप्रिलच्या मुरुमात वाकतात. फॅब्रिकेशनवाल्याकडून ८ मिमी सळईच्या फूटभर लांब खुंट्या करून घ्याव्यात, वरचं टोक आकड्यासारखं वाकवून. ठोकताना खुंटीचं डोकं ताडपत्रीपासून लांब झुकलेलं हवं, साधारण ४५ अंशांत. उभी ठोकली की दोराच्या ताणाने ती वर निघून येते. दोराला सरकगाठ घालावी, कारण नायलॉन दवाने सैल पडतो आणि सकाळी पुन्हा ताणावा लागतो.

नुसत्या ताडपत्रीखाली सावली मिळते, गारवा मिळत नाही. तापलेलं प्लास्टिकच खाली उष्णता फेकतं. तिच्याखाली फूटभर अंतर सोडून जुनी सुती चादर ताणली की मधून हवा खेळते आणि फरक डोक्याला लगेच कळतो. उतरती बाजू पश्चिमेला ठेवायची, कारण तीन ते सहाचं तिरपं ऊन तिकडून येतं. वळवाचं वारं सुटलं की मात्र ताडपत्री उतरवून ठेवायची. तिचं शीड होतं आणि खुंट्या उडतात, ते धोक्याचं आहे.

१५ एप्रिल, शनिवार : सौरपेटी

या उन्हाळ्यातलं मुलांसाठी सर्वांत शिकवणारं काम हेच. बाहेरची पेटी ६ मिमी प्लायची, ६० बाय ६० सेमी, उंची २५. आतला ट्रे पत्र्याचा, ४८ बाय ४८, खोली १५, फळ्याच्या बिनचकाकी काळ्या रंगाने रंगवलेला. मधल्या पाच-सहा सेमी जागेत आणि तळाशी भाताचं तूस ठासून भरायचं. भोर, वेल्हे, मुळशीकडच्या भातगिरणीत ते पोत्याने मिळतं. नाही मिळालं तर वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे. थर्माकोल वापरू नये. शंभर अंशांच्या आतच तो मऊ पडून आक्रसतो, वास सुटतो, आणि आत पोकळी झाल्याने पेटी तापेनाशी होते.

झाकणाला ४ मिमीच्या दोन काचा, मध्ये १० ते १२ मिमी हवा. एकच काच लावली तर पेटी तापते खरी, पण वाऱ्याच्या झुळकेसरशी उतरते. काच आणि पेटी यांच्यामध्ये दाराला लावतात ती रबराची पट्टी. रंग लावल्यावर पेटी रिकामीच दोन दिवस उन्हात ठेवावी, नाहीतर खिचडीला रंगाचा वास लागतो.

आरसा काचेएवढाच, ४८ बाय ४८, मागे प्लाय, बिजागरीवर. त्याचा कोन काढायचा हिशोब मुलांकडून करून घ्यावा: सूर्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजा, तिची दुप्पट करा, त्यात १८० मिळवा, तीनने भागा. हा आरसा आणि काच यांच्यामधला कोन. सकाळी साडेदहाला सूर्य साधारण ६० अंशांवर असतो, म्हणजे आरसा १०० अंशांत. सूर्य थेट डोक्यावर आला की १२०.

पुण्यात मे महिन्यात आणखी एक सोय आहे. सूर्य माथ्यावरून जातो, त्यामुळे सकाळभर तो पूर्वेकडेच राहतो आणि साडेबारानंतर झटकन पश्चिमेला जातो. पेटी दर अर्ध्या तासाला फिरवत बसावं लागत नाही. सकाळी आरसा पश्चिमेच्या कडेला, तोंड पूर्वेला. साडेबाराला पेटी अर्धी फिरवायची, झालं.

१६ एप्रिल, रविवार : पेटीची चाचणी

खिचडी: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, तीन वाट्या पाणी. गॅसवर चार वाट्या लागतात, इथे वाफ उडत नाही म्हणून एक कमी. भांडं बाहेरून काळं आणि झाकणाचं. चकचकीत स्टीलचं भांडं ऊन परत फेकतं. साडेदहाला ठेवून एकपर्यंत शिजते. फोडणी वेगळी करून वरून घालायची. झाकण मधेच उघडून बघणं हा या पेटीचा खरा शत्रू. एकदा उघडलं की पुन्हा तापायला पंधरा-वीस मिनिटं जातात. काचेला आतून घाम आला तर भांड्याचं झाकण नीट बसलेलं नाही. रताळी, शेंगदाणे, डाळीचं वरण उत्तम होतं. पोळी, तळण होत नाही, त्याचा आग्रह धरू नये. आरशाजवळ वाकताना काळा चष्मा घालावा, मुलांनी तर नक्कीच.

२२ व २३ एप्रिल : वेल्ह्याजवळ मुक्काम, उल्का

अक्षय तृतीया, चंद्र तृतीयेची कोर, लवकर मावळणारा. स्वरमंडळ तारकासमूहातल्या उल्का २३ च्या पहाटे सर्वांत जास्त. उगम अभिजित ताऱ्याजवळ, तो दहाच्या सुमारास वर येतो, म्हणून खरं पाहणं दोन ते साडेचार. चांगल्या काळोखात तासाला दहा-पंधरा दिसल्या तरी समाधान मानावं. दुर्बीण याला लागत नाही, उलट ती अडथळा आहे. पाठीवर झोपून आकाशाचा मोठा तुकडा नजरेत घ्यायचा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका नजरेत ती वाया जातात. विजेरीवर लाल जिलेटीन कागदाचे दोन थर. मुलांना जागं ठेवण्यापेक्षा नऊला झोपवून दोनला उठवावं.

मुक्काम खासगी शेतात, मालकाला विचारून. किल्ल्यावर आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय राहू नये. तोरणा समोर दिसतो हे पुरेसं आहे.

पाणी चौघांना दोन दिवसांसाठी ४० लिटर: पिण्याला २४, स्वयंपाकाला ८, हात आणि भांड्यांना ८. दोन वीस लिटरी कॅनपेक्षा चार दहा लिटरी बरे, मुलांनाही उचलता येतात आणि एक गळला तर सगळं जात नाही. उलट्या-जुलाबासाठी जलसंजीवनी: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झालं तर अपाय होतो.

शेकोटी नाही. एप्रिलमध्ये डोंगरउतारावरचं गवत एका ठिणगीने पेटतं आणि वणवा टेकाडामागून टेकाड खातो. गॅसची शेगडी गवत काढलेल्या दोन मीटर जागेत, वाऱ्याला आडोसा करून. बूट रात्री तंबूच्या आत, सकाळी झटकूनच पाय घालायचा. दगड उचकटताना विंचू गृहीत धरायचा. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, हातपाय हलवू द्यायचे नाहीत, १०८ ला फोन आणि प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय. ते कुठलं, हे निघण्याआधी गावात विचारून कागदावर लिहून ठेवायचं.

३० एप्रिल, रविवार : वेताळ टेकडीवर पाणी

सकाळी सहाला सुरुवात, साडेआठला खाली. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा रोपाला आठवड्यातून एकदा चार ते पाच लिटर सावकाश द्यावं. वरवरच्या पाण्याने मुळं वरच राहतात आणि दोन दिवसांच्या उन्हात जळतात. आळं उताराच्या वरच्या बाजूला उघडं, खालच्या बाजूला बांध. वाळलेल्या गवताचं तीन इंची आच्छादन, पण खोडाला चिकटवायचं नाही. चिकटलं की वाळवी गवतावरून खोडावर चढते.

मुलांनी बहाव्याच्या काळ्या शेंगा गोळा केल्या. बहाव्याच्या बीचं कवच टणक असतं. कानशीने एका बाजूला किंचित घासून रात्रभर पाण्यात ठेवलं की बी फुगतं. जे फुगत नाही ते पुन्हा घासायचं. कडुलिंबाचं उलटं. त्याचं बी दोन-तीन आठवड्यांत मरतं, म्हणून पावसाच्या तोंडावर पिकलेली निंबोळी घेऊन लगेच लावायची.

बीजगोळ्यांचा (मातीत बी घालून वळलेले गोळे) कार्यक्रम यंदा नको असं सोसायटीत सुचवलं आहे. गोळे फेकताना फोटो छान येतात. पण मुरुमाच्या उतारावर त्यातलं बरंचसं मुंग्या, उंदीर आणि पहिल्या सरीनंतरचं कोरडं ऊन खातं. त्याऐवजी प्रत्येक घराने दोन पिशव्यांत रोपं वाढवावीत आणि दोन पावसाळ्यांनी लावावीत. टेकडीवर गिरिपुष्प हे बाहेरून आणलेलं झाड आधीच माजलं आहे, त्यात भर नको. मोकळं गवताळ माळरान झाडांनी भरूही नये, चंडोल आणि तितरांना तेच लागतं.

५ मे, शुक्रवार : छायाकल्प ग्रहण

बुद्ध पौर्णिमा. गच्चीवर रात्री ८:४४ ते १:०१, मध्य १०:५२ ला. चंद्र कापला जात नाही, नुसता मलूल होतो. नजरेला फरक पटत नाही म्हणून साडेआठला आणि मध्याला कॅमेऱ्याच्या एकाच सेटिंगवर फोटो घ्यायचे आणि शेजारी ठेवून बघायचे. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा स्वतःच उजेड वाढवतो आणि फरक पुसला जातो.

७ ते १२ मे : कुरडया, गच्चीवर सामायिक

रविवारी एक किलो गहू भिजत. तीन दिवस, पाणी रोज सकाळी बदलायचं. उन्हाळ्यात पाणी बदलायला एक दिवस चुकला की वास सुटतो आणि कुरडई तांबूस, आंबट होते. गहू चिमटीत दाबल्यावर पांढरं दूध सुटलं की झाला. बुधवारी वाटून, फडक्यातून पिळून, चोथा पुन्हा पाण्यात घालून पुन्हा पिळायचं. पसरट भांड्यात रात्रभर स्थिर ठेवायचं. गुरुवारी सकाळी वरचं पिवळट पाणी हलक्या हाताने ओतून टाकलं की तळाशी घट्ट पांढरा चीक.

चीक भांड्याने मोजायचा, तेवढंच पाणी उकळायचं, त्यात मीठ आणि हिंग. मीठ जिभेला कमी वाटेल इतकंच, कारण वाळल्यावर ते वाढतं. उकळत्या पाण्यात एकाने धार धरायची, दुसऱ्याने लाकडी उलथन्याने न थांबता घोटायचं. हे एकट्याचं काम नव्हे. गुठळ्या होतात त्या इथेच. मग झाकून मंद आचेवर, चीक पारदर्शक, चकचकीत होईपर्यंत. शिजल्याची खूण: ओल्या बोटाला चिकटत नाही. कच्चा राहिला तर कुरडई वाळताना तुकडे होते आणि तळल्यावर फुलत नाही.

सोऱ्यात गरमच भरायचा. गार झाला तर दांडा फिरत नाही, जोर लावावा लागतो आणि तार तुटते. म्हणून दोन सोरे, एक भरला जाताना दुसरा चालू, आणि पातेलं गरम पाण्यात ठेवलेलं. सातला सुरुवात केली तर नऊच्या आत घालून होतात. मुलांना कुरडई मोडल्याबद्दल रागवू नये, चीक खायलाच ती थांबलेली असतात आणि गरम चीक तूप-साखर घालून खरंच फार छान लागतो.

प्लास्टिक कागदावर घालून दुपारी चारला उलटायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवसभर ऊन. कबुतरांसाठी वर जुनी सुती ओढणी. संध्याकाळी आभाळ भरून आलं तर ताटांसह घरात पंख्याखाली. मोडताना कट्कन आवाज आला तरच डब्यात. जरा लवचीक असताना भरल्या तर पावसाळ्यात बुरशी येते.

१४ मे, रविवार : शून्य सावली

पुण्याच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो: मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस. जुलैत ढग असतात, म्हणून मेच खरा. यंदा १३ पेक्षा १४ तारीख जास्त जवळची. वेळ १२:३१. साताऱ्यात हे तीन-चार दिवस आधी घडतं, जुन्नरला दोन-तीन दिवस नंतर.

एक मीटर पीव्हीसी पाइप, सपाट फळीवर. फळी लेव्हलने, पाइप ओळंब्याने दोन दिशांनी तपासायचा. पाइप अर्धा अंश जरी कलला तरी नऊ मिमी सावली पडते आणि सगळा प्रयोग फसल्यासारखा दिसतो. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला पेन्सिलीची खूण. खुणा जवळजवळ सरळ रेषेत पश्चिमेकडून पूर्वेकडे येतात, त्यातून सोसायटीची खरी पूर्व-पश्चिम मिळते. मुलांना ही रेषा सावली नाहीशी होण्याइतकीच आवडते. सूर्याकडे कुणी थेट पाहायचं नाही, पंधरा मिनिटांत सगळे सावलीत.

२० मे, शनिवार

टिळक स्मारक मंदिरातल्या वसंत व्याख्यानमालेचा शेवटचा दिवस. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली, दरवर्षी २१ एप्रिल ते २० मे. मोठ्या मुलांना विषय निवडू द्यावा आणि कडेच्या खुर्च्या घ्याव्यात.

२७ व २८ मे : काजवे, राजमाची

तारीख ठरवताना तडजोड करावी लागते. १९ मेच्या अमावास्येला काळोख चांगला, पण काजवे जेमतेम सुरू झालेले. ४ जूनला पौर्णिमा. १० जूनला पुन्हा काळोख, पण पावसाची खात्री नाही आणि पालखीची तयारी. म्हणून २७ मे: चंद्र अर्धा, मध्यरात्रीनंतर मावळणारा, पण दाट झाडीत उजेड कमी पोचतो. मोकळ्या पठारापेक्षा ओहोळाच्या कडेची झाडं बघायची. ओल असते तिथे गोगलगायी, आणि काजव्याच्या अळ्या त्यांच्यावर जगतात.

लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडी (राजमाची किल्ल्याच्या पायथ्याचं गाव) साधारण १५-१६ किलोमीटर. मेमध्ये चालायचं तर पहाटे पाचला निघून नऊच्या आत पोचावं, लहान मुलं असतील तर गावातली जीप. मुक्काम गावातल्या घराच्या अंगणात. जेवण तिथेच सांगावं, पिठलं-भाकरी मिळते आणि पैसे गावात राहतात.

साडेसातपासून दहा हा मुख्य वेळ. नर चमकून मादीला खुणावतात आणि मादी प्रकाशानेच उत्तर देते. विजेरी, फ्लॅश, गाडीचे दिवे पडले की हा संवाद तुटतो, नुसतं दृश्य बिघडत नाही तर पुढच्या वर्षीचे काजवे कमी होतात. म्हणून गाडी दूर, लाल उजेड फक्त पायाखाली, झाडाखाली बोलायचं नाही. डासांचा फवारा मारायचा नाही, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे. बाटलीत काजवा पकडायचा नाही, हे निघायच्या आधीच मुलांना सांगावं, तिथे सांगून उपयोग नाही. गवतात पाऊल टाकू नये, माद्या खाली असतात.

वीज चमकली की सेकंद मोजायचे. गडगडाट तिसाच्या आत आला तर तंबू सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच. एकट्या उंच झाडाखाली कधीही नाही.

४ जून, रविवार : आवराआवर

तंबू पूर्ण वाळवूनच गुंडाळायचा. शिवणीत ओल राहिली तर पावसाळाभर बुरशी येऊन आतला जलरोधक थर सोलपटतो. सावलीत, वाऱ्यावर वाळवावा, थेट उन्हात कापड कमजोर होतं. खुंट्यांना खोबरेल तेलाचं बोट.

परवा, २ तारखेला, मंगळ पुष्य नक्षत्रातल्या तारकागुच्छात होता. ७ बाय ५० द्विनेत्रीतून बारीक ताऱ्यांच्या पुंजक्यात तांबूस ठिपका. पश्चिमेला ठळक शुक्र, त्याच्या वर मंगळ, असं अजून काही दिवस दाखवता येईल.

१२ जून, सोमवार : पालख्या, पाण्याची सेवा

माउलींचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांचा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. फर्ग्युसन रस्त्याच्या आतल्या गल्लीच्या तोंडाशी आपलं टेबल. रस्ते सकाळपासून बंद होतात, म्हणून जार, टेबल, माठ सगळं आदल्या रात्री जागेवर.

प्लास्टिकच्या बाटल्या आणि कागदी पेले नाहीत. स्टीलचे ३०० पेले, प्रत्येकी २०० मिली, पाऊण भरायचे. वीस लिटरच्या जारमधून साधारण १३० पेले निघतात आणि मोठी दिंडी आली की जार काही मिनिटांत संपतो, तेव्हा ३० जार हाताशी. धुण्याला तीन टब: साबणाचं पाणी, साधं पाणी, कढत पाणी. साधं पाणी दर अर्ध्या तासाला बदलायचं. दोघं भरायला, दोघं द्यायला, तिघं धुवायला, एक जण रिकामे पेले गोळा करत पुढे पन्नास पावलांवर. वारकरी चालता चालता पितात, थांबत नाहीत. हा पुढचा माणूस नसला तर अर्धे पेले रस्त्यावर. बर्फाचं पाणी देऊ नये, उन्हातून आलेल्यांना माठाचंच मानवतं.

बरोबर गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे. एक किलो गुळाचे ऐंशी-नव्वद खडे होतात, आदल्या रात्री फोडून झाकून ठेवायचे. मोचीदादांना दिवसभरासाठी बोलवून मजुरी सोसायटीने द्यायची. चपलेचा तुटलेला अंगठा, सुटलेला पट्टा शिवून देणं हे अनेकांना पाण्याइतकंच गरजेचं असतं, दिवेघाट पुढे आहे. पायाचे फोड फोडायचे नाहीत, पाय धुऊन, कोरडे करून नुसती पट्टी. तेल लावायचं असेल तर "माउली, लावू का?" असं आधी विचारायचं.

सावलीला एप्रिलमधलीच ताडपत्री, पण कड रस्त्याच्या रेषेच्या दोन फूट आत आणि दोर गल्लीच्या बाजूला. पताकांच्या काठ्या उंच असतात, रस्त्यावर झुकलेली ताडपत्री किंवा आडवा दोर त्यांना अडतो. संध्याकाळी पेले मोजून कढत पाण्यातून काढायचे, रात्रभर चादरीवर पालथे, रिकामे जार सकाळी आठच्या टेम्पोत परत.